चुन्याची रेषा

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या एका सोसायटीत प्रमिलाबाईंचा दिवस नेमानं उगवायचा आणि नेमानंच मावळायचा. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, मग एकशेआठ मण्यांची माळ. माळ पुरी होईस्तोवर तोंडातून शब्द नाही, मग दारात दूधवाला उभा राहो की पाहुणा. पहिली भाकर गाईची, दुसरी घराची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं वेळच्या वेळी. त्यांचे मालक सुकदेव पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये जिगर मशीनवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर, होते. ते थट्टेनं म्हणायचे, "घरात घड्याळ कशाला? हिची माळ संपली की माझी ड्युटीची वेळ झाली."

आता अशा बाईचा आणि रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा संबंध यावा कुठून? तर तो आला पोरीमुळे.

गायत्री इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. चार माणसांत मान वर न करणारी पोर. पण दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या सरांनी तिला पलसाण्याच्या पुढं, उसाच्या शेतांमधल्या एका मोकळ्या तुकड्यावर नेलं. तिथं दर रविवारी दहा-बारा जण विमानं उडवायचे. हातभर, दोन हात लांबीची, फोमची, पुढं पंखा फिरणारी. पोर घरी आली ती बोलतच. जेवताना बोलली, भांडी घासताना बोलली, झोपेपर्यंत बोलली. पुढच्या रविवारी पुन्हा निघाली, तर प्रमिलाबाई पदर खोचून दारात तयार.

"माय, तू कथा येस?" गायत्रीनं घरच्या अहिराणीत विचारलं.

"जठे पोरगी, तठे माय," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि स्कूटीवर मागं बसल्या.

पहिले काही रविवार त्या बाभळीखाली बसून नुसत्या बघत राहिल्या. बाभळीला एक पत्रक टांगलेलं असायचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. विमान उडवण्याचे दहा नियम. एका अंगाला इंग्रजी, दुसऱ्या अंगाला गुजराती, आणि वाचणारं कुणीच नाही. प्रमिलाबाईंनी ते गायत्रीकडून मराठीत लिहून घेतलं, स्तोत्रांच्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर. रोजचं वाचन झालं की तेही वाचायच्या. अकराव्या दिवशी दहाही नियम पाठ झाले. रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी मग. फिरत्या पंख्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्या दोन्हीकडं पूर्ण हलवून बघायच्या. विमान हवेत असताना रेषा कुणी ओलांडायची नाही, माणसानं पुढं जाऊन नाही आणि विमानानं मागं येऊन नाही. असे दहा.

आणि पाठ झाल्यावर व्हायचं तेच झालं. कोण कुठला नियम मोडतो ते त्यांना दिसायला लागलं.

चेतन नावाचा एक तरुण होता, बापाची साड्यांची दुकानं, विमान सगळ्यांत महाग. एका सकाळी त्यानं घाईघाईत विमानात बॅटरी जोडायला घेतली. प्रमिलाबाई जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आधी रिमोट. मग बॅटरी."

"मासी," चेतन हसला, "तुम्ही तुमचे मणी मोजा ना."

त्यानं बॅटरी जोडली. पंखा भर्रकन फिरला आणि चेतनच्या नव्या शर्टाची बाही कोपरापर्यंत फाडून मोकळा झाला. हात वाचला ही देवाची कृपा. हे सगळं किरणभाईंनी पाहिलं. किरणभाई क्लबचे प्रमुख. जन्मभर मागांचे सुटे भाग दुरुस्त केलेले सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी बाभळीवरचं पत्रक काढून प्रमिलाबाईंच्या हातात दिलं.

"प्रमिलाबेन, आजपासून रेषा तुमची."

"पण भाऊ, माझा आवाज तर शेजारच्या खोलीत जात नाही."

"मग शिट्टी घ्या."

शिट्टी काही त्यांना तोंडात धरवेना. त्यांनी बाजारातून पितळेची एक घंटा आणली. देवघरातली नाही बरं, वेगळी. एक ठोका म्हणजे विमान उडतंय. दोन ठोके म्हणजे उतरतंय. सलग वाजली की धोका आहे. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन त्या चुन्याची रेषा काढायच्या. वाकून, चिमटीतून चुना सोडत, रांगोळीची रेघ ओढावी तशी, या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत. रेषेच्या पुढं मैदान आणि आकाश. रेषेच्या मागं माणसं, आणि माणसांच्या मागं गणपतभाईंचा म्हशींचा गोठा आणि घर.

मैदान याच गणपतभाईंचं. भलामोठा ऊस-शेतकरी, मिशीवाला, बोलायला फटकळ. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रविवारी प्रमिलाबाई घरी रोट भाजत होत्या, त्यामुळं मैदानावर आल्या नव्हत्या. पावसाची उघडीप बघून बाकीचे आले. कुणी रेषा काढली नाही. चेतनचं विमान वाऱ्यावर मागं आलं आणि धाडकन गोठ्याच्या पत्र्यावर पडलं. म्हैस दावं तोडून पळाली ती संध्याकाळी सापडली.

गणपतभाईंनी किरणभाईंना बोलावून घेतलं. "दसऱ्यानंतर पहिल्या रविवारी मी स्वतः येऊन बसणार. तुमचे मुरलेले लोक मला बघायचे नाहीत. तुमच्यात सगळ्यांत नवं कोण? त्यानं उडवून दाखवायचं. नवशिक्याचं विमान रेषेच्या पुढं राहिलं, तर तुमचा क्लब खरा. मागं आलं, तर सोमवारी ट्रॅक्टर घालतो आणि ऊस लावतो. बात खतम."

सगळ्यांत नवी गायत्रीच होती. नुकतीच किरणभाईंच्या मदतीशिवाय उडवायला लागलेली.

शहराच्या आसपास त्यांना दुसरं मैदान मिळण्यासारखं नव्हतं. म्हणजे त्या एका सकाळवर सगळं आलं. प्रमिलाबाईंना विमानाचं काय, त्यांना दिसत होती ती त्या मैदानावर ताठ मानेनं उभी राहणारी पोर. मैदान गेलं की ती मान पुन्हा खाली जाईल, या विचारानं त्यांचा जीव गोळा व्हायचा.

दसरा आला. सुकदेवांनी मिलमध्ये जिगरला हार घातला. सगळ्या सुरतेत मागांची पूजा झाली. प्रमिलाबाईंनी घरात पिवळ्या विमानाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि लाल नाडा बांधला. गायत्री म्हणाली, "पंख्याला काही बांधू नको हं माय." म्हणून त्यांनी तो शेपटीला बांधला. शनिवारी गायत्रीनं नाडा सोडून देव्हाऱ्यात ठेवला, कुंकू पुसलं, विमान खोक्यात घातलं.

पण रविवारी पहाटे, माळ हातात असतानाच, प्रमिलाबाईंच्या मनात आलं, आज एवढा मोठा दिवस आणि पोरीच्या विमानावर देवाचं काहीच नाही? त्यांनी नाड्याचा एक पदर वेगळा केला. बारीकसा, दिसणारही नाही असा. खोकं उघडून शेपटीच्या खालच्या अंगाला बांधला. मौन चालू होतं, त्यामुळं पोरीला सांगायचा प्रश्नच नव्हता. आणि मौन सुटल्यावर निघायची अशी घाई झाली, की ते सांगायचं राहूनच गेलं.

दोघी मैदानावर पोचल्या तेव्हा ऊन नुकतं उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं. प्रमिलाबाईंनी रेषा काढली. त्या दिवशी जरा जाडच काढली. गणपतभाई गावातल्या चार-पाच जणांना घेऊन आले, खाटेवर बसले, मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "नऊला मला साखर कारखान्याच्या सभेला जायचं आहे. साडेआठला उठणार. चालू करा."

आठ वाजून गेले होते. वारा मैदानाकडून गोठ्याकडं वाहायला लागला होता, म्हणजे नेमका नको तिकडं. गायत्रीनं पिवळं विमान टेबलावर ठेवलं. प्रमिलाबाई वही घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"नियम पहिला."

"रिमोट चालू. बॅटरी जोडली."

"दुसरा."

"पंख्यासमोर कुणी नाही."

"तिसरा."

गायत्रीनं रिमोटची दांडी हलवली. पंखांवरच्या पट्ट्या वरखाली झाल्या. शेपटीची पट्टी वर गेली. पूर्ण गेली. मग खाली यायला लागली आणि अर्ध्यावर थांबली.

गायत्रीनं पुन्हा हलवून बघितली. पुन्हा अर्ध्यावर.

"अरे चालेल," मागून चेतन म्हणाला, "वर तर जातंय ना? रिमोटवरून थोडं सारखं करून घे. वारा वाढतोय, काका घड्याळ बघतायत."

खरंच बघत होते. किरणभाईंच्या कपाळावर घाम आला होता.

प्रमिलाबाईंना क्षणात कळलं. पट्टी आणि शेपटी यांच्यामधल्या फटीत काय अडकलं असणार ते या सबंध मैदानावर एका त्यांनाच ठाऊक होतं. न बोलता पुढं जाऊन, पदराआड धरून, हळूच ओढून काढता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिसरा नियम मोडला आहे आणि आपण गप्प, हे त्यांच्या जिभेला झेपणारं नव्हतं. उपास मोडला तर माणूस देवाला सांगतो. इथं तर देवासारखा भरवसा ठेवून पोर उभी होती.

त्यांनी घंटा उचलली आणि सलग वाजवली.

सगळे चपापले. विमान तर अजून टेबलावरच!

"थांबवा," प्रमिलाबाई म्हणाल्या. विमान उलटं करून त्यांनी नखानं फटीतून लाल धागा बाहेर ओढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हाऊ मना दोरा शे," त्या बोलून गेल्या, आणि मग भान येऊन हिंदीत म्हणाल्या, "मी बांधला. पहाटे. कुणाला न सांगता. चूक माझी आहे, पोरीची नाही."

चेतन फस्सकन हसला. "वाह मासी! आम्हाला दहा नियम, आणि तुमचा अकरावा स्पेशल?"

गायत्री मात्र हसली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "माय, हे हवेत अडकलं असतं तर नाक खाली आलंच नसतं. वाऱ्याबरोबर सरळ…" तिनं गोठ्याकडं पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांपुढं सुकदेव आले. दरवर्षी दसऱ्याला मिलमधून आले की सांगायचे, हार घातला की मशीन बंद, हार काढला की मशीन सुरू. दरवर्षी ऐकलेलं, आणि ऐन वेळी कसं आठवलं नाही! त्यांनी धागा पदराच्या गाठीत बांधला, वही पुन्हा उघडली आणि म्हणाल्या,

"नियम पहिला."

"बेन!" किरणभाई कासावीस झाले. "दोन तर झालेत. तिसऱ्यापासून घ्या. सव्वाआठ झाले."

"माळेत मणी चुकला की मधूनच पुढं जात नाही हो भाऊ. मेरूमण्यापासून घेतात." आवाज नेहमीसारखाच हळू, पण वही काही त्यांनी खाली केली नाही. "बॅटरी काढ, रिमोट बंद कर, पोरी. नियम पहिला."

गायत्रीनं सगळं पहिल्यापासून केलं. रिमोट, बॅटरी, पंखा. शेपटीची पट्टी वर पूर्ण, खाली पूर्ण. रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं लांब जाऊन तपासणी. साडेआठ वाजले. गणपतभाई खाटेवरून उठले, मोटरसायकलकडं दोन पावलं गेले, थांबले, आणि काय वाटलं कोण जाणे, परत येऊन बसले.

याच गडबडीत चेतन आपल्या गाडीमागं गेला. पाठ फिरवून त्यानं आपल्या महागड्या विमानाचं पोट उघडलं आणि आतून सुकलेलं एक लिंबू आणि तीन मिरच्या काढून उसात भिरकावल्या. त्याला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

टण्ण! घंटेचा एक ठोका.

पिवळं विमान गवतावरून धावलं, उचललं, आणि उसाच्या वरून निळ्या आभाळात शिरलं. गायत्री रेषेवर पाय रोवून उभी. मान ताठ. वारा विमानाला मागं ढकलत होता. पहिल्याच वळणाला ते रेषेकडं सरकायला लागलं. प्रमिलाबाईंनी घंटा मुठीत आवळली, पण वाजवली नाही. पोरीला दिसतंय, हे त्यांना दिसत होतं. गायत्रीनं पंख कलता केला, विमान वाऱ्याला छाती देऊन वळलं आणि पुन्हा पुढं गेलं. एक फेरी. दुसरी. आठाचा आकडा. गावकऱ्यांतला एक म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"पाच मिनिटं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आठवा नियम. उतरव."

टण्ण, टण्ण.

विमान लांबवर वळलं आणि उतरायला म्हणून खाली यायला लागलं. घरट्यात उतरणारं पाखरू जसं येतं तसं, शांत. आणि तेवढ्यात गोठ्याच्या कोपऱ्यातून म्हशीचं एक रेडकू सुटलं. उड्या मारत, शेपटी उंच करून, चुन्याची रेषा तुडवत ते थेट मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहिलं आणि गवत हुंगायला लागलं.

"ए, ए! माझं रेडकू!" गणपतभाई ओरडले आणि धोतराचा सोगा धरून धावले.

घंटा सलग वाजायला लागली. गायत्रीनं त्या आवाजासरशी पंख्याची गती वाढवली. विमान रेडकाच्या बरंच अलीकडून वर चढलं आणि उसावरून गोल फिरायला लागलं. सातवा नियम. मैदान मोकळं नसेल तर पुन्हा वर. पण गणपतभाई काही थांबेनात. त्यांचा एक पाय रेषेवर आणि दुसरा उचललेला.

"गणपतभाई! ऊभा रो!"

'थांबा' म्हणून गुजरातीत ओरडणारा तो आवाज प्रमिलाबाईंचा होता, यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. त्यांचा स्वतःचाही बसेना.

गणपतभाई एका पायावर जागच्या जागी थांबले. वळून बघितलं. "अरे बेन, मैदान माझं आहे!"

"मैदान तुमचं, रेषा क्लबची. विमान हवेत आहे. मागं या."

त्यांच्याशी असं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. बरोबरचे लोक श्वास धरून बघत होते. गणपतभाईंनी उचललेला पाय हळूच मागं घेतला.

"मग माझं रेडकू?"

"सांगते. गायत्री, विमान कुठं?"

"वर आहे, पलीकडच्या उसावर. तिथंच ठेवते."

"वेळ?"

"बॅटरी दीड मिनिट धरून चल माय. त्याच्यावर थोडं शिल्लक आहे."

"आता बोला गणपतभाई, मोठ्यानं. 'मैदानावर जातोय.'"

मिशीवाले गणपतभाई शाळकरी पोरासारखे म्हणाले, "मैदानावर जातोय!"

"जा काका," गायत्री विमानावरची नजर न काढता म्हणाली.

गणपतभाई धावले. रेडकू आधी डावीकडं पळालं, मग उजवीकडं. काठावरून गावकरी ओरडत होते, "शेपटी धरा!" "कान धरा!" शेवटी त्यांनी त्याला मानेखाली मिठी घातली आणि अक्षरशः ओढत रेषेच्या मागं आणलं. धापा टाकत स्वतःहूनच ओरडले, "मैदान मोकळं!" हा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. बसल्या बसल्या ऐकला असणार.

टण्ण, टण्ण.

विमान खाली आलं. वाऱ्याच्या एका झोक्यानं नाक वर उचललं गेलं. किरणभाईंनी डोळे मिटले. गायत्रीच्या बोटानं दांडी जराशी ढकलली. शेपटीची पट्टी खाली झुकली, पूर्ण झुकली, नाक सरळ झालं, आणि पिवळं विमान गवतावर टेकून रेषेपासून चांगली पंधरा पावलं पुढं थांबलं.

"पंखा बंद," गायत्री म्हणाली. "बॅटरी काढायला जातेय."

बॅटरी काढून झाली, रिमोट बंद झाला, दहावा नियम संपला, आणि मगच प्रमिलाबाईंनी वही मिटली. तोवर कुणी टाळी वाजवली नव्हती. वही मिटली आणि मग जो कल्ला झाला! गावचा म्हातारा खाटेवर उभा राहून नाचला. किरणभाई रडत होते की हसत, कळेना. गायत्री विमान डोक्यावर धरून धावत आली आणि सगळ्यांसमक्ष आईच्या गळ्यात पडली.

"माय, तू केवढ्यानं ओरडलीस!"

"हो ना गं," प्रमिलाबाई लाजून पदर सावरत म्हणाल्या. "घसा बसला माझा."

गणपतभाई रेडकाचं दावं धरून समोर आले.

"बेन, मी कितवा नियम मोडत होतो?"

"चौथा."

"आणि ह्यानं?" त्यांनी रेडकाकडं बोट केलं.

"त्यानंही चौथाच."

गणपतभाईंचं पोट हलायला लागलं, मग मिशी, मग ते खदाखदा हसले. "जी बाई स्वतःच्या पोरीला थांबवते, स्वतःचा दोरा सगळ्यांना दाखवते, आणि मला माझ्याच जमिनीवर एका पायावर उभं करते, तिच्या रेषेला मी ट्रॅक्टर लावू? ऊस मी पलीकडच्या तुकड्यात लावेन. किरणभाई, मैदान तुमचं. रेडकासाठी उद्याच फाटक बसवतो." मग घड्याळाकडं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "सभा गेली! जाऊ दे. पुढचं विमान कुणाचं?"

चेतन पुढं आला. आपलं महागडं विमान त्यानं टेबलावर ठेवलं, दोन्ही हात मागं घेतले आणि खाली मान घालून म्हणाला, "मासी, एक नंबरपासून घ्या."

प्रमिलाबाईंनी वही उघडली. मग थांबून त्याच्याकडं पाहिलं. "लिंबू काढलंस ना, भाऊ?"

चेतनचे कान लाल झाले. मैदानावर पुन्हा हशा उसळला.

संध्याकाळी घरी त्यांनी स्तोत्रांच्या वहीत दहाव्या नियमाखाली अकरावा लिहिला. पूजा करावी, पण उडण्याआधी विमानावरचं सगळं उतरवावं. मग पदराची गाठ सोडून तो लाल धागा काढला. थोडा चुरगळला होता, पण तुटला नव्हता. पितळेच्या घंटेच्या मुठीला त्यांनी तो गुंडाळला, दोन गाठी मारल्या, आणि पुढच्या रविवारसाठी घंटा विमानाच्या खोक्याशेजारी ठेवली. तेवढ्यात सुकदेव ड्युटीवरून आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?"

घसा बसलेला. प्रमिलाबाईंनी नुसती घंटा उचलली आणि एक ठोका दिला.